आधी श्वास, मग झेरॉक्स

पांढरकवड्याला तहसीलीसमोर भोयरभाऊंचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं आधार कार्डाची झेरॉक्स काढायची असेल तर आधी श्वास घेऊन दाखवावा लागतो. थट्टा नाही करत मी. गिऱ्हाईक काउंटरवर कागद ठेवतं, पण भोयरभाऊ कागदाकडं बघतच नाहीत. ते बघतात गिऱ्हाइकाच्या खांद्यांकडं. मग मान हलवून म्हणतात, "वरच्यावर चालू हाय तुमचा."

"काय चालू हाय?"

"श्वास. खांदे पाहा कसे वर चालले. पोट हलू द्या जरासं. आधी पुरा सोडा, मंग घ्या. तवरीक मशीन गरम होते."

मशीन सकाळपासून गरमच असते, तिच्यावर पापड भाजून निघेल. पण शेजारच्या दुकानातली मशीन कायमची बिघडलेली, म्हणून लोक मुकाट्यानं श्वास घेतात. कोणी घाईघाईत घेतला तर भोयरभाऊ परत घ्यायला लावतात.

तहसीलीसमोर येणारा माणूस आधीच मेटाकुटीला आलेला असतो. सर्व्हर डाऊन, साहेब मीटिंगले, अन फॉर्मची शेवटची तारीख आजच. एकदा झरी जामणीकडचा एक जण पहिल्या गाडीनं आला. भोयरभाऊंनी त्याला बाकावर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि "आता फक्त श्वासाकडं ध्यान द्या" म्हणून आपल्या कामाला लागले. माणूस पहाटेपासूनचा दमलेला. तो जो झोपला तो ऑफिस बंद झाल्यावरच उठला. त्यानंतर तो भोयरभाऊंना जे बोलला ते मला इथं लिहिता येत नाही. भोयरभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता पाहा, कसा मोकळा चालला तुमचा." पुढं दोन दिवस त्याच्या फॉर्मसाठी ते स्वतः रांगेत उभे राहिले, दुकान बंद ठेवून.

मी एसटीतला रिटायर कंडक्टर. भोयरभाऊंच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे साऱ्या मोहल्ल्याला माहीत आहे. नोकरीत दारात लटकणाऱ्यांशी भांडलो, आता दूधवाल्याशी आणि टीव्हीतल्या माणसांशी भांडतो. त्यामुळं भोयरभाऊंची माझ्यावर फार मर्जी. "किसनभाऊ, तुमच्यासारखा पेशंट साऱ्या जिल्ह्यात भेटत नाही," असं ते चारचौघांत म्हणतात. मोबाइलवर श्वासाचा कोणताही नवा प्रकार दिसला की त्याचा पहिला प्रयोग माझ्यावर होतो. भुंग्यासारखा गुणगुण करायचा झाला. एक नाकपुडी दाबून दुसरीनं घ्यायचा झाला. उसाच्या रसाच्या नळीतून सोडायचा झाला. एकदा म्हणाले, कागदी पुडीत तोंड घालून श्वास घ्या, बाहेरदेशात असंच करतात. आणि खिशातून किराण्याची एक रिकामी पुडी काढली. मीही येडा, घेतला जोरात श्वास. पुडी तिखटाची होती.

मी संध्याकाळपर्यंत शिंकत होतो. आमची बायको शांता पदर तोंडाला लावून हसत होती. भोयरभाऊ मात्र गंभीरपणे विचारत होते, "पण राग गेला का नाही?"

आता तुम्ही म्हणाल, या माणसाला हे खूळ लागलं कुठून. सांगतो. त्यात हसण्यासारखं काही नाही.

त्यांची बायको, सुमनवहिनी, एकदा आठवडी बाजारात कांदे निवडत होती. निवडता निवडता छातीत धडधड सुरू झाली, हातपाय गार पडले, दम पुरेना. "मी चालली आता," एवढंच म्हणाली आणि कांद्याच्या ढिगावर बसली. भोयरभाऊंनी गाडी करून तिला यवतमाळला नेलं. छातीच्या ईसीजीच्या पट्ट्या काढल्या, रक्त तपासलं, मशीनवर झोपवलं. सगळं नॉर्मल. भोयरभाऊंनी मोहल्ल्यात पेढे वाटले. मीही खाल्ले.

पंधरवड्यानं परत तसंच झालं. परत यवतमाळ, परत नॉर्मल. पेढे मात्र वाटले नाहीत. मग नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली की काही झालं नाही हिले, नाटकं हायेत. कोणी म्हणालं बाहेरचं आहे, कोणी ताईत आणून दिला. हृदय फाटून मेली असती तर बरं म्हटलं असतं लोकांनी. पण रिपोर्ट चांगला आणि बाई आजारी, हे कोणाला पचेना. वहिनी मोठी तिखट बाई. एकदा मला म्हणाली, "भाऊजी, मी मेली तरी माहा रिपोर्ट नॉर्मलच येईन."

हळूहळू तिचा बाजार सुटला. मग एसटी सुटली. मग देऊळ. शेवटी घराच्या फाटकाबाहेर पाय टाकणं सुटलं. फाटकाला हात लावला की तिचा श्वास अडके आणि ती माघारी फिरे. या सगळ्याच्या मधे कधीतरी एका मनाच्या डॉक्टरकडं नेलं होतं. त्यानं गोळ्या दिल्या आणि उठताना म्हणाला, "यांच्याकडून श्वासाचे व्यायाम करून घ्या." कोणते, ते सांगितलंच नाही. पुढच्या पेशंटला हाक गेली होती. भोयरभाऊ विचारायला परत आत जाऊ लागले तर दारावरच्या माणसानं नवा नंबर लावायला सांगितलं. गोळ्यांनी वहिनी दिवसभर झोपून राही, तिनं त्या बंद केल्या. परत न्यायचं तर गाडीत बसायला ती तयार नाही. तेव्हापासून हा माणूस 'कोणते' ते शोधतो आहे.

"पण मग माझ्यावर कायले प्रयोग करता?" मी एकदा तडकून विचारलं.

"तिच्यावर कसे करू? तिचा आधीच जीव अर्धा झाला. चाललं नाही तं अजून घाबरते. तुमच्यावर, गिऱ्हाइकांवर चाललं, तं मंग घरी नेतो."

 त्या दिवसापासून मी त्यांना नाही म्हटलं नाही.

आमच्याकडं मयत झालं की सरण पेटल्यावर तिथंच शोकसभा होते. दोघंतिघं बोलतात, मग दोन मिनिटं मौन. मोहल्ल्यातले एक जुने मास्तर वारले तेव्हा मौनाचं सांगायची पाळी भोयरभाऊंवर आली. एवढी माणसं एका जागी गप्प उभी असलेली त्यांना पुन्हा कुठं मिळणार होती? ते म्हणाले, "डोळे मिटा. नाकानं खोल श्वास घ्या." सगळ्यांनी घेतला. नेमका तेव्हा वारा फिरला आणि सरणाचा सारा धूर आमच्या अंगावर आला. मौन गेलं उडत. माणसं खोकून खोकून वाकली, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. बाहेरगावचे पाहुणे आपसात म्हणाले, मास्तरांवर गावाचं फार प्रेम होतं. परतताना भोयरभाऊ खाली मान घालून चालत होते. मला म्हणाले, "हाही नाही चालला." मला त्यांच्यावर चिडायचं होतं, पण चिडता आलं नाही.

मग रुपालीचं लग्न ठरलं. रुपाली म्हणजे त्यांची एकुलती एक पोरगी. मुलाकडचे मुकुटबनचे, लग्न त्यांनी त्यांच्याच गावी मागितलं. म्हणजे तासाभराचा गाडीरस्ता. रुपाली शहाणी पोर, तिनं ना दागिना मागितला ना फ्रिज. बापाला एवढंच म्हणाली, "बाबा, माह्या लग्नात तुम्ही दोघं पाहिजे. मले दुसरं काही नको."

भोयरभाऊ हो म्हणाले. जी बाई फाटक ओलांडत नाही तिला मुकुटबनला नेतो म्हणाले. मी शांताला म्हटलं, या माणसाचं डोकं फिरलं.

पण ते कामाला लागले. मोबाइलवर एक प्रकार सापडला होता, दिव्याच्या ज्योतीवर हळू फुंकर घालायची, ज्योत हलली पाहिजे पण विझायची नाही. वहिनी म्हणाली, "लग्नघरात दिवा फुंकाले लावता? लाज नाही वाटत?" मग भोयरभाऊंनी दिव्याऐवजी बशी आणली. बशीतला चहा निववायला घालतात तशी फुंकर घालायची, लांब, हळू. चहा नसला तरी चालतो. माझ्यावर आधी चालवून पाहिला, मला झोप आली. मग घरी नेला. आणि बाप्पा, तो थोडाफार चालला. वहिनी रिकामी बशी हातात धरून फाटकाबाहेर आली. दुसऱ्या आठवड्यात चौकापर्यंत. मग एका सकाळी भोयरभाऊंनी ऑटो बोलावला आणि तिला केळापूरच्या देवीला घेऊन गेले. वहिनीनं दर्शन घेतलं, हारवालीशी भाव केला, प्रसाद खाल्ला आणि घरी आली. त्या दिवशी भोयरभाऊंनी साऱ्या गिऱ्हाइकांना झेरॉक्स फुकट दिल्या. श्वासही नाही मागितला कोणाला.

मलाही वाटलं, होते बाप्पा आता. आयुष्यात मी फार कमी वेळा आशा धरली, आणि ती दर वेळी तोंडावर आपटली.

लग्न भर उन्हाळ्यातलं, दुपारच्या मुहूर्ताचं. रुपाली पहाटेच मामासोबत पुढं गेली. मोहल्ल्याची एक बस केली होती. बसच्या पुढं आमची कार, मागच्या सीटवर वहिनी आणि भोयरभाऊ, पुढं ड्रायव्हरशेजारी मी. मुलीच्या आईबापांना लग्न लागेपर्यंत उपास असतो, तेव्हा दोघांच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. वहिनीनं मोरपंखी शालू नेसला होता आणि मांडीवर बशी होती. अर्धा रस्ता छान गेला. वहिनी माझ्या टाइट पँटवर हसली देखील, म्हणाली, "भाऊजी, पँट जवानीतली दिसते."

मग झाडं संपली. दोन्ही बाजूंनी नांगरून ठेवलेली वावरं, माणूस दिसेना, गाव दिसेना. वहिनी सहज विचारल्यासारखी म्हणाली, "इथून दवाखाना कुठं जवळ पडते जी? मांगं का पुढं?"

ड्रायव्हर सरळ माणूस. तो म्हणाला, "काकू, आता दोन्हीकून सारखाच दूर हाय."

झालं. मी आरशात पाहिलं, वहिनीचा चेहरा पांढरा पडत चालला होता. बशी ओठाशी नेली, पण फुंकर येईना. "गाडी थांबवा," ती म्हणाली. "मले श्वास नाही येऊन राह्यला." एका कडुनिंबाखाली गाडी थांबली, आणि मागं आमची बस थांबली.

इथून पुढं जे झालं ते फक्त आमच्याच मोहल्ल्यात होऊ शकतं. दुसऱ्या गावची माणसं असती तर त्यांनी पाणी दिलं असतं आणि बाजूला उभी राहिली असती. आमची सारी बस खाली उतरली. भोयरभाऊंच्या हाताखालून गेली नाही अशी एक व्यक्ती त्या बसमधे नव्हती. प्रत्येकाला वहिनीबद्दल जीव, आणि प्रत्येकाला एक प्रकार पाठ. कारच्या चारही खिडक्यांत तोंडं घुसली. एक काकू भुंग्यासारखी गुणगुणू लागली. दूधवाला कुठूनतरी पुडी घेऊन आला. कोणी नाकपुडी दाबून दाखवू लागलं, कोणी मोठ्यानं आकडे मोजू लागलं. "वहिनी, आधी सोडा." "नाही, आधी घ्या." "पोट हलू द्या, पोट." आमची शांता सुद्धा त्यात, काचेजवळ तोंड नेऊन फुंकत होती. हसावं की कपाळ बडवावं मला कळेना. वहिनी सीटच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, डोळे एवढे मोठे झालेले. तुटक तुटक म्हणाली, "यायले दूर करा. हे माही हवा घेऊन राह्यले."

भोयरभाऊंनी तेव्हा खिडकीतल्या त्या तोंडांकडं पाहिलं. एकेकाकडं पाहिलं. सगळी त्यांनीच शिकवलेली. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. इतक्या वर्षांची सारी मेहनत एका मिनिटात हरलेला माणूस मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

"बंद करा," ते म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही. मग ते ओरडले. भोयरभाऊंचा चढलेला आवाज मोहल्ल्यानं तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "बंद करा सारे. जा तुम्ही. बसा बसमधे."

माणसं चुपचाप मागं सरली. भोयरभाऊ मला म्हणाले, "किसनभाऊ, मुहूर्त टळू देऊ नका. तुम्ही अन शांतावहिनी कन्यादानाले बसा."

मी भडकलो. "पोरगी तुमची हाय का माही? तुम्ही चला बसमधे. मी थांबतो वहिनीपाशी, शांता थांबते, कोणीही थांबते. ती एकुलती एक हाय जी."

"जा तुम्ही," वहिनीही म्हणत होती. "तुम्ही तरी जा."

भोयरभाऊंनी मान हलवली, गाडीचं दार ओढून घेतलं आणि काच वर केली. मी काचेवर दोनदा हात आपटला. मग बसमधे जाऊन बसलो.

लग्न लागलं. मी आणि शांता पाटावर बसलो, भटजींनी सांगितलं ते सारं केलं. मधे फोन लावून पाहिला, रेंज नव्हती. अंतरपाट धरला तरी रुपाली मांडवाच्या दाराकडं बघत होती. अक्षता पडल्या, बँड वाजला, पाहुण्यांनी दहादा विचारलं की मुलीचे आईबाप कुठं आहेत. मी रस्त्यात गाडी बिघडली म्हणून सांगितलं. रुपालीला मात्र खरं सांगावं लागलं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आईचं मले समजते काका. तिले नाही जमत. पण बाबांले काय झालतं? त्यांची तं तब्येत चांगली होती ना?"

तिचं खरंच होतं. मी जेवायला थांबलो नाही. शांतानं एका डब्यात लाडू, पुऱ्या, भाजी बांधून दिली आणि मी मुलाकडच्यांची मोटारसायकल मागून निघालो. रस्ताभर मी डोक्यात भाषण तयार करत होतो. जाऊन सांगणार होतो की भोयरभाऊ, तुम्ही बाप म्हणून नापास झालात. पोरीच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं त्यांच्या तोंडावर मारणार होतो.

उन्हं कलली होती. कार त्याच कडुनिंबाखाली उभी होती; चालू केली की वहिनीचा श्वास परत अडके, हे ड्रायव्हरनं मला नंतर सांगितलं. ड्रायव्हर झाडाच्या बुंध्याशी झोपलेला. काचा खाली केलेल्या होत्या. वहिनी भोयरभाऊंच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, आणि झोपेतही तिनं त्यांचा उजवा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. भोयरभाऊ ताठ बसलेले, नवा सदरा घामानं भिजलेला. मला पाहून त्यांनी डाव्या हाताचं बोट ओठावर ठेवलं.

"लागलं?" हळूच विचारलं.

"लागलं."

त्यांनी डोळे मिटले.  मग म्हणाले, "पोरगी रागावली असन."

मी भाषण तयार करून आलो होतो, तरी आवाज खालीच राहिला. "रागावली. तुमच्यावर रागावली. आईवर नाही. आईचं समजते म्हणाली."

"आईवर नाही ना?"

"नाही म्हणलं ना."

"मंग बरं झालं," भोयरभाऊ म्हणाले. "मी एकटा आलो असतो, तं जिंदगीभर सारे म्हणत राह्यले असते, माय लग्नाले आली नाही. पोरगीही म्हणली असती. आता म्हणतील, बाप आला नाही. म्हणू द्या."

त्यांनी हे अगदी सरळ सांगितलं, दुकानात कोणाला झेरॉक्सचा भाव सांगावा तसं. मी डबा उघडला. त्यांचा उपास सुटायचा होता, आणि लेकीच्या लग्नातला घास कोणी डाव्या हातानं खात नाही. उजवा हात सोडवून घेतला असता तर वहिनी जागी झाली असती. मी खिडकीतून हात घालून लाडू मोडला आणि त्यांच्या तोंडात घातला. ते खाली मान घालून, आवाज न करता, हळूहळू चावत राहिले. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.